प्रमाणित अग्निविमा पॉलिसी आणि लघु प्लास्टिक उद्योग : एक चिकित्सक वाचन

प्रस्तावना

विम्याची पॉलिसी हा विमा कंपनी आणि विमाधारक यांच्यातील करार होय. त्या कराराची भाषा ठरविताना कारखान्याचे एक विशिष्ट चित्र गृहीत धरलेले असते. कारखान्यात कोणती मालमत्ता आहे, ती कोणाच्या मालकीची आहे, तिला कशापासून धोका आहे आणि नुकसानीचे मोजमाप कसे व्हावे, या प्रश्नांची उत्तरे पॉलिसीच्या कलमांत आधीच दिलेली असतात. हे गृहीत चित्र आणि प्रत्यक्ष कारखाना यांत अंतर पडले, तर त्याची किंमत आग लागल्यानंतर मोजावी लागते. वसई, भिवंडी, जळगाव किंवा पुण्याच्या औद्योगिक परिसरातील एखाद्या गाळ्यात दोन-चार मोल्डिंग मशिनवर चालणारा प्लास्टिक उद्योग या अंतराचा सर्वांत ठळक नमुना आहे.

भारतातील अग्निविम्याची प्रमाणित पॉलिसी, म्हणजे ‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स पॉलिसी’, आणि तिच्या पाठोपाठ १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ व ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ या पॉलिसी लघु प्लास्टिक उद्योगाच्या गरजांना कितपत पुरतात, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विमा कंपन्यांच्या हेतूंविषयी शंका घेणे हा या चिकित्सेचा उद्देश नाही. कलमांचे शब्द काय सांगतात, कोणाला सांगतात आणि काय सांगायचे राहून जाते, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

प्लास्टिक कारखान्यातील जोखमीचे स्वरूप

प्लास्टिकचा कच्चा माल बहुतांशी खनिज तेलापासून येतो आणि जळताना तो आपले मूळ विसरत नाही. एक किलो पॉलिथिलीन जळाल्यावर सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता बाहेर पडते. एवढ्याच वजनाच्या कोरड्या लाकडातून साधारणपणे १६ ते १८ मेगाज्यूल उष्णता मिळते. म्हणजे दाण्यांच्या पोत्यांनी भरलेल्या गाळ्यात लाकडाच्या वखारीपेक्षा वजनास वजन अडीच पटींहून अधिक इंधन साठलेले असते. शिवाय पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीन वितळून वाहतात. जळते थेंब खाली पडतात, जमिनीवर जळत्या द्रवाचे थर पसरतात आणि आग शेजारच्या मशिनपर्यंत सरकते. पीव्हीसीची उष्णता तुलनेने कमी असली, तरी ते जळताना हायड्रोजन क्लोराईड वायू बाहेर पडतो. ओलाव्याशी संयोग होताच त्याचे आम्ल बनते आणि ज्या यंत्रांना ज्वाळेचा स्पर्शही झाला नाही अशी यंत्रे व विद्युत पॅनेल काही दिवसांत गंजू लागतात.

आगीची कारणेही प्रक्रियेतच दडलेली असतात. इंजेक्शन मोल्डिंग मशिनचे बॅरल दोनशे अंश सेल्सियसच्या वर तापलेले असते आणि त्याच मशिनवर उच्च दाबाने हायड्रॉलिक तेल फिरत असते. नळी फुटून तेलाचा फवारा हीटरवर पडला की आग लागण्यास वेगळ्या ठिणगीची गरज उरत नाही. थर्मोकोलच्या दाण्यांतून पेंटेन हा ज्वलनशील वायू सुटतो. पॉलियुरेथेन फोमचा ताजा ठोकळा तयार झाल्यानंतर काही तास आतून तापत राहतो. याशिवाय ग्राइंडरची धूळ, स्थिर विद्युत आणि जुन्या वायरिंगवर वाढत गेलेला भार ही कारणे आहेतच. गाळ्यात कच्चा माल, तयार माल आणि भंगार एकाच छताखाली असतो आणि भिंत शेजाऱ्याशी सामाईक असते, ही मांडणी आगीला अनुकूल ठरते.

लुधियाना येथे २० नोव्हेंबर २०१७ रोजी प्लास्टिकच्या कारखान्यास आग लागून बहुमजली इमारत कोसळली आणि अग्निशमन दलाच्या जवानांसह अनेकांचा बळी गेला. अशा आगीत मालमत्तेची हानी आणि मनुष्यहानी वेगळ्या करता येत नाहीत. पॉलिसी मात्र त्या वेगळ्या करते.

प्रमाणित पॉलिसीची जडणघडण

भारतात अग्निविम्याचे दर आणि शब्दरचना दीर्घकाळ टॅरिफ सल्लागार समितीच्या नियंत्रणाखाली होती. १ जानेवारी २००७ पासून दर मुक्त झाले. तथापि पॉलिसीची मूळ शब्दरचना पुढेही जवळजवळ तशीच वापरात राहिली. परिणामी स्पर्धा दरांत झाली, शब्दांत झाली नाही. त्याच संरक्षणासाठी कमी हप्ता कोण घेतो, हा प्रश्न बाजारात महत्त्वाचा ठरला. विशिष्ट उद्योगासाठी संरक्षणाची भाषाच बदलावी काय, हा प्रश्न लघुउद्योगाच्या बाबतीत फारसा विचारला गेला नाही.

या पॉलिसीत आग, वीज पडणे, स्फोट, दंगल, वादळ व पूर, दरड कोसळणे, पाण्याच्या टाक्या फुटणे इत्यादी संकटांची यादी आहे. यादीत जे नाही त्याला संरक्षण नाही, असे तिचे तत्त्व आहे. यादीनंतर अपवादांची कलमे येतात. प्लास्टिक उद्योगाच्या दृष्टीने खरा मजकूर या अपवादांत आहे.

अपवाद कलमांचे वाचन

पहिला अपवाद उष्णतेच्या प्रक्रियेचा आहे. विमित वस्तूचे स्वतःच्या नैसर्गिक तापण्याने वा उत्स्फूर्त ज्वलनाने झालेले, किंवा ती वस्तू तापविण्याच्या अथवा वाळविण्याच्या प्रक्रियेत असताना त्या प्रक्रियेमुळे झालेले नुकसान पॉलिसीत येत नाही. धान्याच्या कोठारासाठी किंवा कापसाच्या गोदामासाठी हा अपवाद किरकोळ ठरतो. प्लास्टिकच्या कारखान्यात मात्र प्रत्येक दाणा हॉपरमधील ड्रायर आणि बॅरल यांतून जातोच. तापविणे हाच येथे व्यवसाय आहे. या कलमातील ‘स्वतःच्या’ हा शब्द निर्णायक आहे. बॅरलमध्ये जळून गेलेले साहित्य वगळले जाते, पण तेथून पसरलेल्या आगीत भस्मसात झालेली शेजारची पोती वगळली जात नाहीत. हा भेद कारखानदाराला ठाऊक नसेल, तर ‘आग हीटरमधून लागली’ एवढ्या वाक्यावर दावा नाकारला गेल्यास तो निमूटपणे स्वीकारतो. फोम उत्पादकाची स्थिती याहून अवघड आहे. त्याच्या मालाचा स्वभावच आतून तापण्याचा आहे. उत्स्फूर्त ज्वलनाचे वाढीव संरक्षण जादा हप्ता भरून घेता येते, परंतु ते मागावे लागते.

दुसरा अपवाद विजेच्या उपकरणांचा आहे. शॉर्टसर्किट, अतिभार किंवा स्वतः तापणे यांमुळे ज्या विद्युत यंत्रात दोष उद्भवला, त्या यंत्राचे नुकसान वगळले आहे. त्यातून लागलेल्या आगीने इतर यंत्रांचे झालेले नुकसान मात्र वगळलेले नाही. या संदर्भात गोव्यातील एका खत कारखान्याचे प्रकरण मार्गदर्शक आहे. न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध झुआरी इंडस्ट्रीज या खटल्यात १९९९ साली मुख्य स्विचबोर्डमध्ये शॉर्टसर्किट होऊन क्षणिक आग उद्भवली, वीजपुरवठा खंडित झाला आणि बॉयलरचे नुकसान झाले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये असा निर्णय दिला की, आग किती वेळ टिकली हा प्रश्न गौण असून नुकसानीचे निकटवर्ती कारण आग हेच आहे. मोठ्या कंपनीला दहा वर्षे न्यायालयात उभे राहता आले. दोन मशिनच्या गाळ्याला दहा महिने तग धरणेही कठीण असते, हे त्या निकालाचे स्वागत करताना विसरता येत नाही.

तिसरा अपवाद प्रदूषण व दूषितीकरणाचा आहे. वरवर पाहता पीव्हीसीच्या धुराने गंजलेली यंत्रे या अपवादात सापडतात असे वाटते. परंतु विमित संकटातूनच उद्भवलेले दूषितीकरण या अपवादातून बाहेर ठेवले आहे. आग विमित असेल तर तिच्या धुराने झालेली हानीही भरपाईस पात्र ठरते. अपवादाला जोडलेला हा अपवाद कारखानदाराच्या बाजूचा आहे, पण तो दुहेरी नकाराच्या गुंतागुंतीच्या वाक्यात लपलेला आहे. शिवाय गंज उशिरा दिसतो. नुकसान होताच ताबडतोब सूचना द्यावी आणि पंधरा दिवसांच्या आत तपशीलवार दावा सादर करावा, असे प्रमाणित पॉलिसी सांगते. पंधराव्या दिवशी जे यंत्र चालू आहे ते दीड महिन्याने बंद पडले, तर त्याचा उल्लेख मूळ दाव्यात नसतो.

चौथा अपवाद लघुउद्योगासाठी सर्वांत घातक आहे. दुसऱ्याच्या मालकीचा, विश्वासाने ताब्यात ठेवलेला माल पॉलिसीत स्पष्ट नोंद केल्याखेरीज विमित होत नाही. लघु प्लास्टिक उद्योग मोठ्या प्रमाणावर जॉबवर्कवर चालतो. दाणे ग्राहक कंपनीचे, साचा ग्राहक कंपनीचा आणि मशिन व मजुरी कारखानदाराची, अशी ही व्यवस्था आहे. अनेकदा एका साच्याची किंमत तो बसविलेल्या मशिनहून अधिक असते. आग लागल्यावर मशिनची भरपाई मिळते आणि साच्याची जबाबदारी कारखानदाराच्या माथी राहते. ग्राहक कंपनीने साच्याचा विमा आपल्या पॉलिसीत उतरविला असेल, तरी तिची विमा कंपनी भरपाई दिल्यानंतर कारखानदाराचा हलगर्जीपणा दाखवून त्याच्याकडून वसुली करू शकते. नव्या पॉलिसी घेतानाही परक्या मालाची व साच्यांची नोंद करून घेणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

रकमेचे गणित

अपवादांतून सुटलेला दावा पुढे रकमेच्या कलमात अडकतो. मालाची प्रत्यक्ष किंमत विमित रकमेपेक्षा अधिक असेल, तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. उदाहरणार्थ, गाळ्यात ८० लाख रुपयांचा माल आहे, विमा ५० लाखांचा आहे आणि १६ लाखांचा माल जळाला. कारखानदाराला वाटते की नुकसान विमित रकमेच्या आत असल्याने पूर्ण १६ लाख मिळतील. प्रत्यक्षात हाती १० लाख येतात. प्रमाणित पॉलिसीत ही कपात इमारत, यंत्रे आणि माल अशा प्रत्येक बाबीला स्वतंत्रपणे लागू होते. यंत्रांवर जास्त विमा असल्याने मालावरील तूट भरून निघत नाही.

या कलमामागील तत्त्व न्याय्य आहे. ज्याने कमी मूल्यावर हप्ता भरला त्याने उरलेली जोखीम स्वतः घेतली, असे ते तत्त्व आहे. परंतु प्लास्टिकच्या दाण्यांचे भाव खनिज तेल, आयात आणि विनिमय दर यांवर हलतात. २०२०च्या मध्यापासून २०२१पर्यंत पीव्हीसीचे भाव फार वेगाने वाढले. पोत्यांची संख्या तीच असताना मालाचे मूल्य वाढले आणि विमित रक्कम मात्र कागदावर होती तेथेच राहिली. कारखानदाराने काहीही न करता तो अपुरा विमाधारक ठरला.

पॉलिसी घेण्याची प्रेरणाही येथे महत्त्वाची आहे. बहुतेक लघुउद्योजक विमा उतरवितात तो बँकेचे कर्ज हवे असते म्हणून. विमित रक्कम कर्जाच्या आकड्यावरून ठरते, मालमत्तेच्या मूल्यावरून नव्हे. पॉलिसीला बँकेचे कलम जोडलेले असते आणि त्यानुसार भरपाई प्रथम बँकेकडे जाते. त्यामुळे विम्याने कर्ज फिटते, पण कारखाना पुन्हा उभा राहतोच असे नाही. पुनर्स्थापना मूल्याचे कलम घेतले नसेल, तर यंत्राच्या किमतीतून घसाराही वजा होतो. पंधरा वर्षांच्या जुन्या पण उत्तम चालणाऱ्या मशिनच्या भरपाईतून नवे मशिन येत नाही.

पॉलिसीबाहेरची जोखीम

अग्निविमा वस्तूंचा असतो. उत्पादन बंद पडल्याने बुडालेला नफा, चालू राहिलेले पगार आणि व्याज यांसाठी नफाहानीची वेगळी पॉलिसी लागते. नवा साचा घडवून, तपासून मशिनवर चढविण्यास महिने लागतात आणि तेवढ्या काळात ग्राहक दुसरा पुरवठादार शोधतो. यंत्र बिघाडाचा विमा वेगळा, सदोष उत्पादनामुळे येणारे दायित्वही वेगळे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ने उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आणल्यानंतर पाण्याची टाकी, पाइप किंवा खाद्यपदार्थांचे वेष्टन बनविणाऱ्या उद्योगासाठी हा प्रश्न केवळ सैद्धान्तिक राहिलेला नाही.

कारखान्याबाहेरच्या माणसांचा प्रश्न ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणम येथे उभा राहिला. एल. जी. पॉलिमर्सच्या टाकीत साठविलेल्या स्टायरीनचे तापमान वाढून त्याची वाफ शेजारच्या वस्तीत पसरली, बारा जणांचा मृत्यू झाला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात हलवावे लागले. राष्ट्रीय हरित लवादाने कंपनीला ५० कोटी रुपये अंतरिम स्वरूपात जमा करण्याचा आदेश दिला. स्टायरीन हा पॉलिस्टायरीनचा कच्चा माल आहे आणि तो थंड ठेवणे व त्यात निरोधक रसायन मिसळणे ही नेहमीची खबरदारी आहे. टाकी जळाली नाही, ज्वाळा दिसल्या नाहीत, तरी प्लास्टिक उद्योगातील ती अलीकडील सर्वांत गंभीर दुर्घटनांपैकी एक ठरली. भोपाळच्या अनुभवानंतर आलेला सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९१ घातक पदार्थ हाताळणाऱ्यांवर विम्याची सक्ती करतो. सामान्य मोल्डिंगचा गाळा या सक्तीच्या कक्षेत सहसा येत नाही. त्याच्या धुराने शेजाऱ्यांचे जे नुकसान होईल त्याची तरतूद ऐच्छिकच राहते.

कामगारांच्या बाबतीतही असेच घडते. मोल्डिंग मशिनच्या दोन पाट्यांत हात सापडणे हा या उद्योगातील जुना अपघात आहे. उत्पादन वाढावे म्हणून सुरक्षा-दाराचा इंटरलॉक निकामी करून ठेवण्याची सवय त्याच्या मुळाशी असते. भरपाईचा हक्क १९२३च्या कायद्याने दिला आणि आता तो सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०मध्ये समाविष्ट आहे. तथापि हजेरीपटावर नसलेला कंत्राटी कामगार विम्याच्या कागदावरही नसतो.

आणखी एक जोखीम विम्याच्या कक्षेतच येत नाही. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेने पिशव्या व थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली आणि १ जुलै २०२२पासून देशभर एकदा वापरून फेकण्याच्या ठरावीक प्लास्टिक वस्तू बंद झाल्या. कायद्यातील बदलामुळे होणाऱ्या तोट्याला अग्निविमा संरक्षण देत नाही आणि देण्याची अपेक्षाही रास्त नाही. परंतु बंदीचा परिणाम पॉलिसीवर अप्रत्यक्षपणे होतो. धोका वाढेल असा उत्पादनातील बदल विमा कंपनीला न कळविल्यास, किंवा कारखाना तीस दिवसांहून अधिक काळ रिकामा राहिल्यास, प्रमाणित पॉलिसीचे संरक्षण संपुष्टात येऊ शकते. पिशव्या सोडून फोमकडे वळलेला, अथवा नवे काम मिळेपर्यंत कुलूप लावलेला गाळा हप्ता भरूनही विनाविमा असू शकतो.

दुसरी बाजू आणि २०२१ची सुधारणा

अपवादांचा विचार एकांगी होऊ नये. बॅरलमध्ये करपणारे दाणे हा उत्पादनाचा नेहमीचा खर्च आहे. तो विम्यावर टाकला तर सर्वांचाच हप्ता वाढेल आणि निष्काळजी कारखानदाराचा भार दक्ष कारखानदार वाहील. न्यायालयांनीही दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत. संदिग्ध शब्दाचा अर्थ तो लिहिणाऱ्या विमा कंपनीच्या विरुद्ध लावावा, हे तत्त्व १९६६ सालच्या चंदूमल जैन खटल्यात मान्य झाले. त्याचबरोबर स्पष्ट शब्द न्यायालयाने बदलू नयेत, हे २००४च्या हरचंद राय खटल्यात ठामपणे सांगितले गेले. २०२२मध्ये टेक्स्को मार्केटिंग प्रकरणात, कराराचा मूळ उद्देशच नष्ट करणारे अपवाद कलम टिकू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला.

२०२१च्या पॉलिसी हे या दिशेने पडलेले खरे पाऊल आहे. एका ठिकाणच्या एकूण मालमत्तेचे मूल्य पाच कोटी रुपयांपर्यंत असल्यास सूक्ष्म आणि पाच ते पन्नास कोटींपर्यंत असल्यास लघु उद्यम पॉलिसी लागू होते. त्यांची भाषा अधिक सोपी आहे. भूकंपाचे संरक्षण अंतर्भूत आहे. विमा घटनेनंतर सात दिवसांत झालेल्या चोरीचाही समावेश आहे. मूल्यातील तूट १५ टक्क्यांपर्यंत असेल, तर भरपाईत कपात होत नाही. एक कोटीच्या मालावर ८७ लाखांचा विमा असणाऱ्याला हा दिलासा मोठा आहे. परंतु वरील ८० आणि ५० लाखांच्या उदाहरणातील कारखानदाराला त्याचा काहीच उपयोग नाही. शिवाय ही सुधारणा उद्योगाच्या आकारमानावरून झाली आहे, प्रक्रियेवरून नव्हे. पाच कोटींचे कापड दुकान आणि पाच कोटींचा फोमचा कारखाना यांच्या हाती एकच मजकूर पडतो.

जोखीम व्यवस्थापनाशी तुटलेला दुवा

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६नुसार अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैत द्यावे लागते. विम्याचे नूतनीकरण वर्षातून एकदा होते. हे दोन कागद एकाच कारखान्याविषयी बोलतात, पण त्यांची गाठ सहसा पडते ती दावा दाखल झाल्यानंतर, सर्वेक्षकाच्या टेबलावर. तोपर्यंत त्यांचा उपयोग आग टाळण्यासाठी राहिलेला नसतो, दाव्यावर आक्षेप घेण्यासाठी उरतो.

ही गाठ आधी पडावी, हा या चिकित्सेचा व्यावहारिक अर्थ आहे. दाण्यांचा साठा मशिनपासून वेगळा ठेवणे, भंगार रोज हलविणे, हायड्रॉलिक नळ्या ठरावीक मुदतीने बदलणे, रात्रपाळीनंतर हीटर बंद असल्याची नोंद ठेवणे आणि सुरक्षा-दाराचा इंटरलॉक तपासणे यांसाठी मोठे भांडवल लागत नाही. अशा उपायांची तपासणी करून हप्त्यात सवलत दिली, तर विमा कंपनीचाही लाभ होतो. विमित रक्कम तिमाही साठा-पत्रकाशी जोडावी. हे पत्रक बँकेला नाहीतरी द्यावेच लागते. जॉबवर्कच्या करारात साच्याचा विमा कोणी उतरवायचा हे एका वाक्यात लिहावे. औद्योगिक वसाहतींच्या संघटनांनी सभासदांसाठी प्रक्रियानिहाय सामूहिक संरक्षणाची मागणी करावी आणि अपवाद कलमांचा मराठी सारांश प्रस्ताव अर्जासोबत मागून घ्यावा. ज्याला करार वाचता येत नाही, त्याने तो पाळावा अशी अपेक्षा अन्याय्य आहे.

समारोप

प्रमाणित अग्निविमा पॉलिसी निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष या वाचनातून निघत नाही. तिचे शब्द बारकाईने वाचले तर अनेक ठिकाणी ते कारखानदाराच्या बाजूने उभे राहतात, हेच वरील विवेचनातून दिसून आले. तिचा दोष असा की, ती कारखान्याकडे स्थिर वस्तूंचा साठा म्हणून पाहते. प्लास्टिक उद्योग हा उष्णतेचा, परक्या मालाचा आणि हलत्या किमतींचा प्रवाह आहे. २०२१च्या सुधारणेने भाषा सोपी केली आणि किरकोळ तुटीला क्षमा केली. मात्र प्रक्रियेची जोखीम, परके साचे, खंडित उत्पादन आणि मशिनवर उभा असलेला कामगार हे प्रश्न अजून पॉलिसीच्या मुख्य मजकुराबाहेरच आहेत. ते मुख्य मजकुरात येईपर्यंत लघुउद्योजकाने पॉलिसीतील संकटांच्या यादीपेक्षा अपवादांची यादी आधी वाचावी. नूतनीकरणाच्या दिवशी त्यासाठी दिलेला एक तास दाव्यानंतरची कित्येक वर्षे वाचवू शकतो.